दम लागू द्यावा का?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. दम लागेल असा व्यायाम त्यांना झेपेल का? भीती वाटते.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट म्हणून ही भीती मी रोज ऐकते. पण ताई, बसून राहिल्याने दमसास आणखी कमी होतो. आधी डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्या. मग पाठीला टेकू असलेली, जागेवरची सायकल. अधू पाऊल पेडलवरून घसरतं, ते पट्ट्याने नीट बसवा. सुरुवातीला पाच-पाच मिनिटं, मध्ये विश्रांती; हळूहळू आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० मिनिटांपर्यंत. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकाच दम. बीटा ब्लॉकरची (रक्तदाब किंवा हृदयाच्या त्रासासाठी देतात ती) गोळी चालू असेल तर नाडी मुळातच मंद राहते, म्हणून किती श्रम झाले हे ठरवायला नाडीवर विसंबू नका. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.