गवत उखडतं, म्हणून गुडघा वाचतो

गुडघ्याच्या आत हाडांना जोडून ठेवणाऱ्या एसीएल या लिगामेंटवर मी मागच्या अंकात लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या तीन पत्रांमध्ये गुडघ्यापेक्षा गुडघ्याखालच्या जमिनीची चौकशी जास्त होती. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझाही रोजचा संबंध त्या जमिनीशी येतो, म्हणून या वेळी ही तीनच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मॅडम, आम्ही मूळचे सांगलीचे, आता न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे. शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो, इथल्या भाषेत सॉकर. सराव आणि सामने सगळे टर्फवर, म्हणजे प्लास्टिकच्या कृत्रिम गवतावर. आमच्यापासून जवळच मेटलाइफ स्टेडियम आहे. अमेरिकन फुटबॉलचे संघ तिथे वर्षानुवर्षं टर्फवर खेळत आले, पण २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने त्याच स्टेडियममध्ये खरं गवत मागितलं. टर्फ सुरक्षित असेल तर गवताचा आग्रह कशासाठी? आणि नसेल, तर आम्ही मुलाचं काय करायचं?

उत्तर : तिथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची संघटना नेमकं हेच विचारते आहे. पाहुण्यांसाठी गवत घालता येतं, मग रोज खेळणाऱ्या आमच्यासाठी का नाही? विश्वचषकाच्या सोळा स्टेडियमपैकी आठांत एरवी टर्फ असतं. अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन, सिअ‍ॅटल, व्हँकूव्हर, तुमचं मेटलाइफ, सगळी त्यातच आली. या सगळ्यांना फिफाची एकच अट, गवत हवं. मागणी रास्त आहे असं मी अगदी स्पष्टपणे म्हणते.

कारण सांगते. माझ्या क्लिनिकच्या खिडकीत एक पसरट कुंडी आहे, तिच्यात हरळी लावली आहे. शेजारी टर्फचा वीतभर तुकडा. गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी त्याचाच स्टडचा, म्हणजे तळाला खुंट्या असलेला, बूट हातात घ्यायला लावते. आधी बूट दाबायचा, मग जोर देऊन पिळायचा. कुंडीत बूट फिरतो आणि मुळांसकट मातीचं ढेकूळ उपटून येतं. टर्फवर बूट फिरत नाही, मुलाचं मनगट फिरतं. मग मी विचारते, आता या मनगटाच्या जागी तुझा गुडघा आहे आणि वर तुझं साठ किलो वजन धावत येऊन वळतंय. काय होईल? उत्तर मुलंच देतात.

गवत तुटतं हा त्याचा दोष नाही, गुण आहे. पाय अडकला की कुणीतरी हार मानावीच लागते. गवताने मानली तर माळीकाका दुसऱ्या दिवशी माती भरतात. लिगामेंटने मानली तर नऊ महिने ते वर्ष जातं. टर्फचे धागे खालच्या कापडात पक्के बसवलेले असतात, त्यांच्यामध्ये वाळू आणि जुन्या टायरचे रबरी दाणे भरलेले. त्यात स्टड रुततो आणि सुटायला वेळ लावतो. इजा होते ती त्या क्षणभरात.

आकडे हवे असतील तर एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या खेळाडूंची संघटना २०१२ ते २०१८ या काळातल्या दुखापतींचे देते. कुणाचा धक्का न लागता झालेल्या पायाच्या दुखापतींचं प्रमाण गवतापेक्षा टर्फवर २८ टक्क्यांनी जास्त होतं. गुडघ्याच्या ३२ टक्क्यांनी, घोटा आणि पावलाच्या ६९ टक्क्यांनी. नंतरच्या काही हंगामांत हा फरक जवळजवळ मिटला, असं लीगचं म्हणणं आहे. टर्फमध्येही प्रकार आहेत, काही निश्चितच जास्त वाईट. पण घोट्याचा तो आकडा मी रोज हाताखाली पाहते, त्यामुळे मला तो पटतो.

मेटलाइफचं नाव तुम्ही काढलंत म्हणून ॲरन रॉजर्सबद्दल. ११ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकन फुटबॉलमधला हा नामवंत खेळाडू तिथे जेट्स या संघाकडून पहिला सामना खेळत होता. चौथ्याच चालीत त्याची टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली आणि अख्खा हंगाम गेला. त्या रात्रीपासून गवताची मागणी फार मोठ्या आवाजात होऊ लागली. मात्र त्या एका पायापुरता दोष टर्फचाच होता, असं मी म्हणणार नाही. तो एकोणचाळीस वर्षांचा होता आणि प्रतिस्पर्धी त्याला खाली ओढत होता. एका दुखापतीवरून मैदानाचा निकाल लावता येत नाही. हजारोंवरून लावता येतो.

मग टर्फ आलंच कसं? ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम १९६५ मध्ये उघडलं. पारदर्शक छपराखाली गवत वाढवलेलं. उन्हाच्या चकाकीत खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून छपराचे पारदर्शक तुकडे रंगवले, आणि ऊन बंद झाल्यावर गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे प्लास्टिक अंथरलं, त्यावरून ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडलं. म्हणजे ते आलं ते गवत जगेना म्हणून. खेळाडूच्या पायाचा विचार त्यात नव्हताच. आज अमेरिकेत गवत नाकारण्याचं मोठं कारण वेगळं आहे. एकाच मैदानावर दोन संघ, मध्ये संगीताचे कार्यक्रम, आणि गवताला लागणारी विश्रांती कुणालाच परवडत नाही.

बंद छपराखाली गवत जगतच नाही, हेही खरं नाही. १९९४ च्या विश्वचषकात डेट्रॉइटजवळच्या सिल्व्हरडोममध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी षट्कोनी पेट्यांमध्ये बाहेर वाढवलेलं गवत आत नेऊन बसवलं होतं. ॲरिझोनात ग्लेनडेलच्या स्टेडियममध्ये तर आख्खं मैदान एका प्रचंड तबकात आहे. ते रुळांवरून उन्हात बाहेर जातं आणि सामन्याआधी आत येतं. मला हे वाचून फार आनंद झाला होता. अंगणातली कुंडी ऊन बघून सरकवावी, तसं. पण त्याच तबकावर फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, खेळाडू सारखे घसरत होते. गवत आहे म्हणून काम संपत नाही. मुळं धरलेलं गवत हवं. आणि तिथलं बर्म्युडा नावाचं गवत म्हणजे परकं काही नाही, आपल्या हरळीच्याच कुळातलं. गणपतीला वाहतो त्या दूर्वांची संकरित भावंडं.

२०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात सगळाच्या सगळा टर्फवर झाला, ते मला आजही बोचतं. अ‍ॅबी वॉम्बाक ही अमेरिकेची फुटबॉलपटू आणि इतर खेळाडूंनी आधीच्या वर्षी ओंटारिओच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे तक्रार केली होती, की पुरुषांना असं मैदान दिलं असतं का? जानेवारी २०१५ मध्ये तक्रार मागे घ्यावी लागली. एडमंटनच्या पहिल्या सामन्यात मैदानाचा पृष्ठभाग ४९ अंश सेल्सिअसला गेला होता. युरोपात वारं उलट फिरलं आहे. नेदरलँड्सच्या वरच्या लीगने २०२५-२६ पासून टर्फ बंद केलं, स्कॉटलंडच्या वरच्या लीगमधल्या क्लबांनीही २०२६-२७ पासून ते बंद करायचं ठरवलं.

आता तुमचा मुलगा. खेळ थांबवू नका, सोळाव्या वर्षी न खेळण्याची किंमत याहून मोठी असते. त्याला बुटांचे दोन जोड घ्या. गवतासाठीचे लांब, टणक स्टड टर्फवर घालू देऊ नका. टर्फसाठी आखूड आणि संख्येने जास्त स्टड असलेले बूट मिळतात. फिफाचा ‘११+’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे, तो नियमाने केल्यास गुडघ्याच्या दुखापती खरोखर कमी होतात. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, ते मागे उभं राहून तुम्ही स्वतः बघा. आणि शाळेला पत्र लिहून विचारा, मैदान किती धक्का शोषतं याची चाचणी शेवटची कधी झाली? तिथे तिला जीमॅक्स म्हणतात. गोलसमोरचे दाणे सगळ्यात आधी उडतात. तिथे नुसतं कापड लागत असेल, तर शाळेने ते भरून घ्यायलाच हवं.

प्रश्न : ताई, मुलगा अकरा वर्षांचा. आमच्या बाणेरला गल्लोगल्ली टर्फ झालीत, तासाच्या भाड्याने. तो रोज गुडघे सोलून येतो. मी हळद लावते, तर तो ओरडतो. घरभर काळे दाणे पडतात. टायरचे म्हणे. कर्करोग होतो का त्याने?

उत्तर : आधी हळद बंद करा. टर्फवर सोललेली जखम भाजल्यासारखी असते, घर्षणाने वरची कातडी जाते आणि आत बारीक धागे, दाणे, इतरांच्या पायांची घाण अडकते. त्यावर पूड बसली की सगळं आतच राहतं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. तो रडेल, तरी धुवा. मग न चिकटणारी पट्टी लावा. दोन दिवसांनी कडा लाल आणि गरम लागली तर डॉक्टरांकडे न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर झालंय ना, तेही पाहून ठेवा.

दाण्यांबद्दल. युरोपीय रसायन संस्थेने २०१७ मध्ये तपासून सांगितलं, की अशा मैदानांवर खेळण्यातली कर्करोगाची चिंता फार तर अत्यल्प आहे. तरी २०२३ मध्ये युरोपीय संघाने हे दाणे विकायला बंदी घातली, ती २०३१ पासून लागू होईल. बंदी घातली ती ते मातीत आणि पाण्यात पसरतात म्हणून. आल्यावर बूट दाराबाहेर झटकायचे, हात धुवायचे, दाणे तोंडात घालायचे नाहीत. तेवढं पुरे.

मला जास्त काळजी दुपारच्या उन्हाची आहे. मे महिन्यात दोन वाजताचं टर्फ स्वस्तात मिळतं, म्हणून मुलं तेव्हाच बुक करतात. तुम्ही एकदा चप्पल काढून त्यावर उभ्या राहा. तुम्हाला दहा सेकंदही उभं राहवत नसेल, तर मुलाने तिथे तासभर पळायचं नाही. जाळीचे लोखंडी खांब रेषेपासून किती लांब आहेत आणि त्यांना फोम गुंडाळलाय का, तेही तेव्हाच बघून घ्या.

प्रश्न : मी मराठवाड्यात एका शाळेत हॉकी शिकवतो. मुली मातीवर तयार होतात आणि स्पर्धेला गेलं की टर्फवर बिचकतात. हॉकी परत गवतावर येणार नाही का? आणि आम्हाला मिळतं त्या टर्फवर सरावाला पंप चालू करत नाहीत, पाणी वाया जातं म्हणतात. वाद घालावा का?

उत्तर : सर, हॉकी परत येणार नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ती टर्फवर गेली आणि आपण सातवे आलो, पहिल्यांदाच पदकाविना. पण आता अख्खा खेळच त्या सपाट पृष्ठभागावर उभा आहे, आणि टोकियो, पॅरिस अशी लागोपाठ दोन कांस्यपदकं आपणही त्यावरच मिळवली. हॉकीचं टर्फ वेगळं असतं. धागा आखूड, रबरी दाणे नाहीत. दाण्यांचं काम तिथे पाणी करतं. पाण्याने पाय सरकतो, पडलं तर कातडी वाचते.

पाणी नसलं तर काय होतं, ते माझ्या डाव्या गुडघ्याला विचारा. मी विद्यापीठाच्या संघात होते, वय एकवीस. आयुष्यभर मातीवर खेळलेली. बाहेरगावी एका टर्फवर सामना होता, पंप बंद पडलेला. आयोजक म्हणाले, वेळ नाही, सुरू करा. दुसऱ्या सत्रात मी चेंडूमागे डावीकडे वळले आणि पाऊल जिथे होतं तिथेच राहिलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो मला एकटीलाच ऐकू आला असं वाटलं होतं, पण शेजारची मैत्रीण आजही म्हणते की तिने ऐकला. मी पुन्हा संघात खेळले नाही. त्या दिवशी आमच्या बाजूने कुणी नाही म्हणालं असतं, तर काय झालं असतं, हे मी अजून मनात धरून आहे.

तुमच्याकडच्या पाण्याची अवस्था मला ठाऊक आहे, हजारो लिटर मारा असं मी सहज म्हणू शकत नाही. कमी पाण्याच्या टर्फवर जगभर काम चालू आहे. पॅरिस ऑलिंपिकचं टर्फ तसं होतं, आणि त्याचे धागे मुख्यतः उसापासून केलेल्या प्लास्टिकचे होते, हे आम्हा कोल्हापूरकरांना विशेष वाटलं. ते तुमच्या तालुक्यात येईपर्यंत वाद घाला, सर. जरूर घाला. आख्खं मैदान भिजवायला नको, तुमच्या मुली ज्या पाव भागात सराव करणार तेवढंच भिजवून मागा. कोरड्यावर काम करायचंच असेल तर उभ्याने पास आणि स्टॉपिंग घ्या, वळणं आणि सामना नको. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोहोचून मुलींना अर्धा तास त्या टर्फवर नुसतं धावू द्या, म्हणजे मातीतल्या पायाला पकडीचा अंदाज येईल. आणि सामन्याआधी तुम्ही स्वतः खाली बसून तळहात धाग्यांवर दाबा. हात ओला होऊन वर आला, तरच मुलींना आत सोडा.