जुन्या रेड वाइनसोबत काय वाढावं?

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी फ्रान्समधल्या बोर्दोच्या रेड वाइनची २० वर्षं जुनी बाटली जपून ठेवली आहे. ती चांगल्या रेस्टॉरंटमध्ये नेऊन ग्रिल केलेल्या स्टेकसोबत उघडावी, असं यांचं म्हणणं. मला घरीच जेवण करावंसं वाटतं. तुम्ही काय सुचवाल?

उत्तर : आधी स्टेकचं बोलते, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. स्टेकची जोडी जमते ती तरुण रेड वाइनशी. तिच्यात टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक, भरपूर असतं, तोंड कोरडं पडतं. मांसातली प्रथिनं आणि चरबी ती धार बोथट करतात. तुमच्या बाटलीत ही धार केव्हाच ओसरली असणार. टॅनिनचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात आणि त्यातले काही रंगद्रव्यासकट गाळ होऊन तळाशी बसतात. ताज्या फळांचा जोर जातो; वाळकी पानं, तंबाखू, चामडं असे वास वर येतात. फार सुंदर वास असतात हे, पण नाजूक. करपलेल्या कडांचा स्टेक शेजारी आला की त्यांतला एकही जाणवत नाही.

म्हणून जेवण वाइन बघून ठरवा. मंद आचेवर भाजलेलं कोकराचं मांस, बेताचा लसूण, वर त्याचाच रस. सोबत लोण्यात परतलेले मश्रूम. बस्स, एवढंच. गोडसर सॉस नको, त्यापुढे वाइन आंबट आणि पातळ लागते. मिरचीने अल्कोहोल जास्त झोंबतं. व्हिनेगर घातलेलं सॅलड वाइन उघडण्याआधीच संपवा. चीज हवं तर कडक, मुरलेलं घ्या. ब्लू चीज मात्र या बाटलीजवळ फिरकूही देऊ नका.

आता घर की हॉटेल? माझं मत तुमच्या बाजूने, आणि कारण तो गाळ. प्रवासात बाटली हलली की तो सगळीकडे पसरतो आणि खाली बसायला निदान एक दिवस घेतो. शिवाय हॉटेलात प्रत्येक जण वेगळं मागवतो, आणि एका जुन्या बाटलीला चार चवी सांभाळता येत नाहीत. तरीही जायचंच असेल, तर बाहेरची बाटली चालते का आणि ती उघडण्याचं शुल्क किती, हे आधी विचारा. दोन दिवस आधी बाटली नेऊन द्या, उभी ठेवायला सांगा आणि सगळ्यांसाठी एकच मुख्य पदार्थ ठरवून टाका.

घरी असाल तर आदल्या दिवशी बाटली उभी करा. जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं, स्क्रू घातला की तुटतं. दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळाला तर उत्तम. जेवायला बसण्याच्या जरा आधी बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून वाइन एका धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, ओता. मानेत गाळाची काळपट रेघ सरकताना दिसली की हात थांबवा. तळाशी घोटभर राहील, राहू द्या. तासन्‌तास उघडी ठेवू नका. इतकी जुनी वाइन हवेत लवकर उतरते. तापमान १६ ते १८ अंश.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. दहा वर्षांच्या बारोलो या इटालियन रेड वाइनसोबत काय करू?

उत्तर : मश्रूमचा रिसोतो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊसर भात, डोळे मिटून. बारोलो नेब्बिओलो द्राक्षांची असते. नियमानुसार ती ३८ महिने मुरल्याशिवाय विकायला येत नाही, त्यातले किमान १८ महिने लाकडी पिंपात. तरी दहाव्या वर्षीही तिच्यात टॅनिन आणि आंबटपणा चांगलाच शिल्लक असतो. त्यामुळे इथे मात्र लोणी आणि कडक चीज घालताना हात आखडू नका. वाळवलेले मश्रूम भिजवलेलं पाणी टाकू नका. गाळून भातातच मुरवा, या वाइनला तोच वास हवा असतो.