कुलूप असलेल्या घराऐवजी शेजारचे घर घ्यावे का?

खानापूर तालुक्यात कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांचे सर्वेक्षण करताना निवडलेल्या ४०० घरांपैकी १२० घरांतून माहिती मिळाली नाही, तर त्यांच्या शेजारची घरे घेऊन संख्या पुरी करावी का, असे आपण विचारले आहे. तसे करू नये, असे माझे मत आहे. शेजारचे घर उघडे सापडते याचाच अर्थ तेथे दिवसा कोणीतरी असते. म्हणजे आधी भेटलेल्या २८० घरांच्याच जातकुळीची आणखी १२० घरे आपण गोळा करता, आणि ज्यांची मोजदाद करायची होती ती गोव्याला गेलेली माणसे सुटतात ती सुटतातच. नुसता आकडा फुगवल्याने हा दोष जात नाही. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी तेथील एका साप्ताहिकाने लोकांचा कल अजमावायला सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि तरीही रूझवेल्ट हरतील हे त्याचे भाकीत साफ चुकले. त्याची यादी सदोष होतीच, पण उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या कलातील फरकही त्याला भोवला.

यावरचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय हॅन्सन आणि हरविट्झ या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये मांडला. राहिलेल्या १२० घरांमागे थोडेथोडे धावण्याऐवजी त्यांतील ४० घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि उरलेले सगळे बळ तेथे लावावे. समजा, २८० घरांत बाहेर कामाला जाणारी घरे २० टक्के आणि या ४० मध्ये ५० टक्के निघाली, तर अंदाज २८० चे २० टक्के अधिक १२० चे ५० टक्के, म्हणजे ४०० पैकी ११६, अर्थात २९ टक्के येतो. शेजारच्या घरांनी तो २० च्या आसपासच ठेवला असता. या ४० घरांच्या उपनमुन्यातील प्रत्येक घर तीन घरांच्या वतीने बोलत असल्यामुळे प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याच्या योगायोगाने अंदाजात येणारी अनिश्चितता, थोडी वाढते, पण एकतर्फी चुकीपेक्षा ती मला परवडते.

मात्र चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी कुलपांची वर्गवारी करा. कुटुंब कायमचे गेलेले ओसाड घर हा अप्रतिसाद, म्हणजे पात्र घराकडून उत्तर न मिळणे, नव्हे. ते नमुन्यातूनच वगळावे लागते. गणपतीला परतणारे कुटुंब आपल्या व्याख्येत बसते की नाही, हे मात्र आधीच ठरवायला हवे होते.

पुष्कळदा दोष आपल्या वेळेचा असतो. निपाणीत एका पाहणीत आम्ही सकाळी फिरत राहिलो, आणि बायका तंबाखूच्या वखारीत गेलेल्या. संध्याकाळी सातनंतर तीच दारे उघडी सापडली. काही घरी प्रश्नावली कानडीत आहे एवढ्यावरूनच बोलणे खुंटले होते, ते मराठी प्रत पुढे करताच सुरू झाले.

एवढे करूनही त्या ४० पैकी काही घरे हाती लागणार नाहीत. तेथे गाव, घराचा प्रकार असे भेटलेल्या व न भेटलेल्या दोघांबद्दलही ठाऊक असलेले गट पाडून, गटातील निवडलेल्या घरांच्या संख्येला भेटलेल्या घरांच्या संख्येने भागून येणारा भार, म्हणजे एक घर किती घरांच्या जागी धरायचे तो आकडा, भेटलेल्या घरांना द्यावा. यात गटापुरते भेटलेले आणि न भेटलेले सारखेच असतात असे आपण गृहीत धरतो, हे अहवालात लिहा. नकार, कुलूप, ओसाड आणि भाषेची अडचण यांचे आकडेही तेथे वेगवेगळे द्या.