खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत चिकट थर आलाय? आधी ओळख, मग उपाय

घाबरू नकोस, नवीन टाकीत असं होतंच, फक्त लगेच औषध ओतू नकोस, नवीन लोकं तिथेच फसतात. वाळूवर तपकिरी भुकटी असेल नि हात फिरवला की उडत असेल तर डायटम (एक सूक्ष्म शैवाल), बहुतेक वेळा आपोआप जातं. लालसर साय, अख्खा पापुद्रा निघतो? सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. सायफनने (नळीने) ओढून काढ, पाण्याचा फ्लो वाढव, खाणं कमी टाक.

शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यात बुडबुडे, रात्री कमी आणि लाइट लागली की परत हजर, तर बहुतेक डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशी जीव). इथे पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शून्य असेल तर सारखं पाणी बदलू नकोस, उलट डायनो वाढू शकतात.

आधी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही टेस्ट कर, आकडे सांग आणि फोटो पांढऱ्या लाइटमध्ये काढ, निळ्यात रंगच कळत नाही.