ओटीत (शस्त्रक्रियागृहात) नव्याने येणारी परिचारिका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंग केलेली नोंदणीकृत परिचारिका असून मडगावच्या एका खासगी इस्पितळात चार वर्षे सर्जिकल वॉर्डमध्ये काम करते. पुढील महिन्यात माझी बदली ओटीत होणार आहे. तेथील सिस्टरांबरोबर पंधरा दिवस उभे राहून काम पाहावे आणि त्यानंतर स्वतंत्र ड्युटी घ्यावी, असे मला सांगितले आहे. शिकत असताना आम्हाला ओटीचे पोस्टिंग होते, पण तेव्हा आम्ही बहुतेक वेळ भिंतीपाशी उभ्या असायचो. एवढ्या दिवसांत मी तयार होईन का? प्रथम काय शिकावे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पंधरा दिवसांत आपण तयार होणार नाही, आणि त्यासाठी स्वतःला कमी लेखण्याचे काहीही कारण नाही. एवढ्या अवधीत उपकरणांची नावे पाठ होतात, कोणत्या सर्जनला कोणत्या मापाचे हातमोजे लागतात हे कळते आणि ट्रॉली मांडता येऊ लागते. परंतु ओटीत नोंदणीकृत परिचारिका ज्या कामासाठी हवी असते, ते काम याच्या पुढे सुरू होते. वॉर्डातील रुग्णाचा हात अवघडला किंवा पाठीखालचे कापड ओले झाले तर तो हाक मारतो. भूल दिलेला रुग्ण हाक मारू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने हे सारे कोणीतरी पाहावे लागते. आधारफळीवरचा हात काटकोनापेक्षा अधिक बाहेर ताणला गेला तर बगलेतील नसांना इजा होऊ शकते, कोपराखाली मऊ आधार नसेल तर करंगळीकडे जाणारी नस दबते, आणि त्वचेवर लावलेले स्पिरिटयुक्त जंतुनाशक सुकण्यापूर्वी किंवा अंगाखाली साचलेले असताना कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे उपकरण) सुरू केली तर रुग्ण भाजू शकतो. वॉर्डातील चार वर्षांत रुग्णाकडे पाहण्याची जी नजर आपल्याला आली आहे, तिचीच येथे सर्वांत अधिक गरज आहे.

शिकण्याचा आरंभ निर्जंतुक क्षेत्रापासून करावा. गाऊन घातल्यावर छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतचा पुढचा भाग आणि कोपराच्या थोड्या वरपासूनच्या बाह्या एवढेच निर्जंतुक मानले जाते. पाठ कधीही नाही, आणि टेबलाच्या कडेखाली लोंबणारे कापडही नाही. हे वाचून समजायला फार वेळ लागत नाही. मात्र घाईच्या वेळी, दुसरा माणूस अंगावरून जात असताना, हात आपोआप योग्य जागी राहण्यासाठी अनेक आठवड्यांचा सराव लागतो. आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. निर्जंतुक केलेल्या गठ्ठ्याचे कापड दमट लागले तर तो वापरू नये, कारण ओल्या वेष्टनातून जंतू आत शिरतात. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) पट्टीचा रंग बदलला एवढ्यावरही निर्धास्त होऊ नये. त्या पट्टीवरून गठ्ठा यंत्रातून गेला एवढेच कळते. वाफ आतपर्यंत पोहोचली की नाही, यासाठी आतील दर्शकपट्टी आणि ठरावीक काळाने होणारी जैविक चाचणी असते.

त्यानंतर मोजणी. स्पंज (रक्त टिपण्याच्या कापडी घड्या, मोठ्या घडीला मॉप म्हणतात), सुया आणि उपकरणे यांची मोजणी शस्त्रक्रियेच्या आधी, पोट किंवा छातीची पोकळी बंद करण्यापूर्वी, त्वचा शिवण्यापूर्वी आणि मधेच परिचारिका बदलली तर त्या वेळीही करायची असते. स्क्रब नर्स (निर्जंतुक गाऊन घालून सर्जनच्या हाती उपकरणे देणारी) आणि सर्क्युलेटिंग नर्स (निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून सामान देणारी व लक्ष ठेवणारी) या दोघींनी ती मिळून, मोठ्याने आणि प्रत्येक नग वेगळा करून पाहत करावी. आकडा जुळला नाही तर सर्जनला तत्काळ सांगायचे, शोध घ्यायचा, आणि तरीही नग सापडला नाही तर एक्स-रे काढायचा. शस्त्रक्रियेच्या स्पंजात क्ष-किरणात दिसणारा धागा त्यासाठीच विणलेला असतो. खरी कठीण गोष्ट आकडा मोजण्याची नाही. वीस वर्षे काम केलेला सर्जन टाके घालण्याच्या तयारीत असताना ‘डॉक्टर, थांबा, एक मॉप कमी आहे’ हे शब्द स्पष्टपणे उच्चारणे कठीण असते, आणि माझ्या मते प्रशिक्षणात सर्वांत अधिक दुर्लक्षित राहणारा भाग हाच आहे. तो सरावाने येतो, म्हणून वरिष्ठ सिस्टरांनी नवीन मुलीकडून तो मुद्दाम करून घेतला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया-सुरक्षेची १९ मुद्द्यांची यादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन टप्प्यांवर ती मोठ्याने वाचायची असते. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ इस्पितळांत तिचा वापर करून पाहिला तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ही यादी केवळ सही करण्याचा कागद होऊ देऊ नये. आपल्याकडे एकाच दिवशीच्या यादीत दोन फर्नांडिस किंवा दोन गावकर सहज असू शकतात, आणि घाबरलेला रुग्ण कोणत्याही नावाला मान डोलावतो. म्हणून ‘तुम्ही अमुकच ना?’ असे न विचारता, कोंकणीत ‘तुमचें नांव कितें?’ असे विचारून त्याला स्वतः नाव सांगू द्यावे, कोणती शस्त्रक्रिया आणि कोणत्या बाजूची हेही त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि मग मनगटावरील पट्टी व केसपेपर यांच्याशी ताडून पाहावे.

प्रश्न : आमच्या इस्पितळात दोन ओटी आहेत. टेक्निशियन अनुभवी आहेत, पण परिचारिका कमी आहेत. नवीन परिचारिकेला सुरुवातीला सर्क्युलेटिंगला ठेवतो, कारण ते सोपे असते. मोठा अभ्यासक्रम चालवणे आम्हाला शक्य नाही. काय करावे? (नर्सिंग इनचार्ज, म्हापसा)

उत्तर : सर्क्युलेटिंगचे काम सोपे आहे हा समज प्रथम सोडावा, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. सामान आणून देणे हा त्या कामाचा केवळ दिसणारा भाग आहे. रुग्णाची स्थिती, रक्तस्रावाचा अंदाज, काढलेल्या नमुन्यावरील नाव, बाहेरून आत येणारे प्रत्येक माणूस आणि वस्तू, या सर्वांवर लक्ष असणारी ओटीतील ती एकमेव व्यक्ती असते. तेथे सर्वांत नवीन मुलीला एकटीने उभे करणे हे उलटे आहे. टेक्निशियनांचे कौशल्य मोलाचे आहे आणि उपकरणांच्या बाबतीत नवीन परिचारिकेने त्यांच्याकडून अवश्य शिकावे, परंतु रुग्णाचे मूल्यमापन करण्याचे तिचे शिक्षण वेगळे आहे आणि ते त्यांच्यावर सोपवता येत नाही.

मोठा अभ्यासक्रम नसला तरी चालेल. शिकत असलेली परिचारिका ड्युटीच्या यादीत मनुष्यबळ म्हणून धरू नये, एवढी एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. ती यादीत गेली की कोणी रजेवर गेल्याबरोबर तिचे शिक्षण थांबते. तिला एकाच जाणत्या सिस्टरच्या हाताखाली द्यावे. हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन अशा नेहमीच्या शस्त्रक्रियांपासून आरंभ करावा आणि तिने काय पाहिले, काय मदतीने केले व काय स्वतः केले याची नोंदवही ठेवावी. रात्रीच्या तातडीच्या शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी. अमेरिकेत अनुभवी परिचारिकेलाही ओटीसाठी साधारण सहा महिने ते एक वर्ष तयार करतात. आपल्याकडे सर्वसाधारण शस्त्रक्रियांसाठी सहा महिने मिळाले तरी मी ते रास्त मानीन. आपल्याकडे न होणाऱ्या शस्त्रक्रिया तिला पाहता याव्यात म्हणून मोठ्या इस्पितळाकडे रीतसर परवानगी मागावी. म्हापशाहून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) फार दूर नाही, आणि लहान राज्याचा हा लाभ आपण पुरेसा घेत नाही.

प्रश्न : माझी मुलगी परिचारिका आहे. ओटीसाठी वेगळा डिप्लोमा असतो का? (एक पालक, वाळपई)

उत्तर : असतो. भारतीय परिचर्या परिषदेचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा आहे आणि त्यात प्रत्यक्ष कामाचा वाटा मोठा असतो. नोंदणी झालेली असावी आणि किमान एक वर्ष काम केलेले असावे, अशी त्याची अट असते. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत पाहावी आणि संलग्न इस्पितळात कोणकोणत्या प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात याची चौकशी करावी. शिकणाऱ्या परिचारिकांना रात्रपाळीच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी वापरले जाते का, हे मात्र कार्यालयात विचारून कळणार नाही. त्यासाठी तेथे सध्या शिकत असलेल्या मुलींना आपल्या मुलीने प्रत्यक्ष भेटावे.