थायरॉईडच्या रिपोर्टमधलं 'कोलॉइड' म्हणजे काय?

प्रश्न : आईच्या गळ्याला पुढून गाठ आलीय, सुई टाकून तपासणी केली तर रिपोर्टमध्ये 'फॉलिक्युलर सेल्स' आणि 'भरपूर कोलॉइड' असं लिहून आलंय. हे काय असतं? आणि डॉक्टर तिला सारखं पाण्याचा घोट घ्यायला का सांगत होते?

उत्तर : आधी पाण्याचं सांगते. थायरॉईड कंठाच्या खाली श्वासनळीला पुढून चिकटलेली असते, दोन बाजूंना दोन लोब आणि मधे इस्थमस नावाची पट्टी, सगळं मिळून वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. घोट गिळला की ती स्वरयंत्राबरोबर वर सरकते, मग गाठही वर गेली तर ती बहुधा थायरॉईडचीच, साधं लॉजिक आहे.

आता कोलॉइड. मायक्रोस्कोपखाली ही ग्रंथी म्हणजे गोल गोल पिशव्यांची नुसती गर्दी, त्या पिशव्या म्हणजे फॉलिकल, भिंतीला पेशींचा एकच थर (याच फॉलिक्युलर सेल्स) आणि आत चिकट कोलॉइड, त्यात थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन आणि त्यालाच जोडलेलं हार्मोन, २-३ महिने पुरेल इतका साठा! बाकी ग्रंथी माल पेशीतच ठेवतात, ही बाई बाहेर ठेवते, मला तर हे भारीच वाटतं. ग्रंथी जोरात काम करत असली की पेशी उंच होतात नि कोलॉइड कडेने कुरतडल्यासारखं दिसतं, सुस्त असली की पेशी चपट्या.

म्हणजे दोन्ही शब्द थायरॉईडच्या नेहमीच्याच घटकांचे आहेत. पुढे काय करायचं ते रिपोर्टमधल्या 'बेथेस्डा' कॅटेगरीवर (गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता किती, हे सांगणारा १ ते ६ मधला आकडा) बरंचसं ठरतं, तो आकडा डॉक्टरांना नक्की विचारा.