वाइस-काउंटीत ‘पहिली नोंद’ पाठवण्यापूर्वी

एखादी वनस्पती एखाद्या भागात प्रथमच सापडली, तर ती तिथली ‘पहिली नोंद’. पण ब्रिटनमधली वनस्पती-नोंद आजच्या जिल्ह्यांवर जात नाही. ती १८५२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ वॉटसनने आखलेल्या वाइस-काउंटींवर, म्हणजे नोंदींसाठीच्या न बदलणाऱ्या, क्रमांक दिलेल्या विभागांवर जाते. ग्रेट ब्रिटनमध्ये त्या ११२ आहेत, एकट्या यॉर्कशरच्याच पाच. म्हणून आधी आपण कुठल्या क्रमांकात उभे आहोत ते नकाशावर बघा.

नोंदीत चार गोष्टी हव्यातच: काय, कुठे, कधी, कोणी. ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींनुसार जागेचा क्रमांक) किमान सहा आकडी द्या, म्हणजे जागा १०० मीटरच्या चौकोनात येते. दुर्मीळ रोपासाठी आठ आकडी, म्हणजे १० मीटर. पूर्वेचे आकडे आधी, उत्तरेचे नंतर. उलटे पडले तर रोप थेट समुद्रात जातं!

फोटो फुलाचा एकच काढून भागत नाही. एपिलोबियम या रानफुलांच्या प्रजातीचंच (विलोहर्ब) घ्या. दहापट भिंगातून कुक्षी (फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक) बघा: मोंटानम या जातीमध्ये ती चार फाट्यांची, क्रूससारखी, अमेरिकेतून आलेल्या सिलिएटममध्ये गदेसारखी, आणि खोडाच्या वरच्या भागावर ग्रंथीयुक्त आडवे केस. हे दोन्ही फोटोत नसेल, तर तपासणारा हात वर करणार, आणि त्याचं बरोबरच आहे.

‘पुन्हा सापडलं’ म्हणताना जास्त जपा. रस्त्याकडेला कॉर्नकॉकल (एकेकाळचं शेतातलं तण, आता रानात दुर्मीळ) दिसलं तर बहुधा ते पेरलेल्या बियाण्याच्या मिश्रणातलं असतं. तसं नोंदीत स्पष्ट लिहा. नमुन्यासाठी मुळासकट उपटू नका, जमीनमालकाच्या परवानगीविना ते १९८१च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने गुन्हा आहे. शंका असेल तर आपल्या वाइस-काउंटीच्या रेकॉर्डरला (तिथल्या नोंदी तपासणाऱ्याला) फोटो त्याच आठवड्यात पाठवा. फुलं गेल्यावर परत जाऊन बघण्यासारखं काही उरत नाही.